स्वालबार्डची नक्कल नको! गोंदियाच्या डोंगराळ गावात बियाण्यांचं घर कसं असावं?

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, उत्तर ध्रुवापासून साधारण १३०० किलोमीटरवर, एका डोंगराच्या पोटात जगभरातल्या पिकांचं बियाणं उणे १८ अंश तापमानात ठेवलेलं आहे. २६ फेब्रुवारी २००८ रोजी हे कोठार सुरू झालं. जगावर कसलंही संकट आलं तरी इथलं बी शाबूत राहील, अशी त्यामागची कल्पना. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथे अवेळी गरमी आणि पाऊस झाला आणि कोठाराच्या बोगद्यात पाणी शिरलं.

बियाण्याला काही झालं नाही, कारण पाणी बोगद्याच्या तोंडाशीच गोठलं. तरी नॉर्वे सरकारला प्रवेशाचा बोगदा नव्याने, पाणी आत येणार नाही असा बांधावा लागला. ते काम २०१९ मध्ये संपलं. बारमाही गोठलेल्या जमिनीच्या भरवशावर बांधलेल्या इमारतीलाही पाण्याने गाठलं होतं.

आता गोंदिया जिल्हा डोळ्यासमोर आणा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पावसाळ्यात साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. जमीन गोठण्याचा प्रश्नच नाही आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. पण जपण्यासारखं बियाणं मात्र आहे, ते म्हणजे धानाचे जुने वाण. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एखाद्या डोंगराळ गावाने या वाणांसाठी बियाणे बँक बांधायची ठरवली, तर ती इमारत कशी असायला हवी?

याचं उत्तर खर्चिक नाही. मात्र ‘पक्की इमारत बांधा, एसी बसवा’ इतकं सरळही नाही.

गोंदियात हा प्रश्न का?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. मालगुजारी तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या इथली धानाची शेती उभी राहिली. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट. म्हणजे धानाच्या विविधतेसाठी देशात नावाजलेल्या पट्ट्याला लागूनच हा जिल्हा आहे. तांदूळशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून धानाचे हजारो नमुने गोळा केले होते. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आज २३ हजारांहून अधिक नमुने जपलेले आहेत.

लुचई, चिन्नोर, दुबराज, हिरानक्की, काळी कमोद ही नावं या भागातल्या जुन्या माणसांना नवी नाहीत. कुठला वाण सुगंधी, कुठला खोल बांधीत टिकणारा, कुठला पाऊस लवकर गेला तरी हाती येणारा. चिन्नोरला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तरीही हे वाण कमी का झाले? कारण साधं आहे. जुने वाण उंच वाढतात, वाऱ्याने लोळतात, उत्पादन कमी देतात. शिवाय सरकारी खरेदी केंद्रावर धान ‘साधारण’ आणि ‘अ दर्जा’ अशा दोनच प्रतींत मोजला जातो. सुगंधाचे वेगळे पैसे तिथे मिळत नाहीत.

मग हे वाण जपायचे कशाला? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात याचं उत्तर सापडतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. ते बी त्यांनी बाजूला काढून जपलं आणि वर्षानुवर्षं निवडून पेरलं. त्यातून जो वाण तयार झाला तो ‘एचएमटी’. विदर्भाबाहेरही अनेक घरांत हा तांदूळ आज शिजतो. नवा वाण नेहमी जुन्या वाणाच्या पोटातूनच निघतो. जुना गेला, तर त्याच्यातून पुढे काय निघालं असतं ते कळायचा रस्ताही बंद होतो.

सरकारी बीजकोश आहेत, मग गावात इमारत कशाला?

दिल्लीत राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचा बीजकोश आहे. तिथे साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत. याच संस्थेचं एक केंद्र विदर्भातच, अकोल्याला आहे. महाराष्ट्र सरकारनेही २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ या १७२.३९ कोटींच्या पाच वर्षांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. स्थानिक पिकांचे वाण जपणं हा त्यातला एक विषय आहे.

या कोशांची गरज आहेच. युद्धामुळे सीरियातल्या अलेप्पोचा बीजकोश वापरता येईना, तेव्हा तिथल्या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये स्वालबार्डमधून आपलं बी परत मागवलं आणि पुन्हा लावलं. दुसरीकडे एक प्रत ठेवण्याचा फायदा तो हाच.

पण गोठवलेल्या बीला तीन मर्यादा आहेत. एक, ते शेतकऱ्याच्या हाताशी नसतं. जूनमध्ये पेरलेले पऱ्हे पावसाअभावी करपले आणि दुसऱ्यांदा पेरायची वेळ आली, तर दिल्लीहून बी मागवण्याइतका वेळ नसतो. दोन, तिथून मिळणारं बी अगदी थोडं असतं. ते वाढवून एक बांधी भरायलाच दोन-तीन हंगाम जातात. तीन, गोठलेलं बी जिथल्या तिथे थांबतं, तर शेतात पेरलेलं बी दर वर्षी बदलत्या पावसाशी आणि किडींशी जुळवून घेत राहतं. म्हणून एक प्रत कोशात आणि एक गावात, असं दोन्ही लागतं.

बी मरतं कशाने?

बी जिवंत असतं. ते झोपलेलं असतं, पण मंद श्वास चालू असतो. ओलावा आणि उष्णता वाढली की श्वास वाढतो, साठवलेली शक्ती संपते आणि एक दिवस ते पेरलं तरी उगवत नाही. त्यात ओलाव्याबरोबर किडी आणि बुरशी येतात.

बीजशास्त्रात यासाठी हॅरिंग्टन यांचा एक प्रसिद्ध ठोकताळा आहे. बियातला ओलावा १ टक्क्याने कमी केला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीचं तापमान ५ अंशांनी कमी केलं तरीही ते साधारण दुप्पट होतं.

आता हिशेब करून पाहा. ४० अंशांची खोली ३० अंशांवर आणली, तर दोनदा दुप्पट, म्हणजे आयुष्य चौपट. पण १४ टक्के ओलाव्याचा धान वाळवून ८ टक्क्यांवर आणला, तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ पट! प्रत्यक्षात आकडा इतका चोख येत नाही, पण दिशा स्पष्ट आहे. ज्या गावाकडे पैसे थोडे आहेत, त्याने आधी वाळवण्यावर मेहनत घ्यावी. थंडाव्याचा विचार त्यानंतर.

बियाणे प्रमाणीकरणाचे नियमही हेच सांगतात. साध्या पोत्यात ठेवायच्या धानाच्या बियाण्यात जास्तीत जास्त १३ टक्के ओलावा चालतो. हवाबंद डब्यात ठेवायचं असेल तर मर्यादा ८ टक्के.

जुन्या घरांत बी कसं टिकायचं?

झाडीपट्टीतल्या जुन्या घरात जाड मातीच्या भिंती, वर कवेलू आणि आत बांबूची शेणामातीने लिंपलेली ढोली किंवा मातीची कोठी असायची. बियात राख, कडुनिंबाचा पाला मिसळायचा. राख किडीला त्रास देते आणि थोडा ओलावाही शोषते.

या पद्धतीचं कौतुक खूप होतं, पण ती नेमकी का चालायची हे क्वचितच सांगितलं जातं. त्यामागे वेळापत्रक होतं. खरिपाचा धान नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घरी येतो आणि बी जूनमध्ये शेतात जातं. म्हणजे ढोलीतलं बी हिवाळा आणि उन्हाळा हे दोन कोरडे ऋतूच काढायचं. जुलै ते सप्टेंबरच्या दमट हवेत ते घरात नसायचंच, बांधीत उभं असायचं!

बियाणे बँकेला मात्र काही बी राखीव ठेवावं लागतं. पाऊस फसला, पीक बुडालं तर पुढच्या वर्षासाठी. हे राखीव बी पावसाळ्यातून जाणार. ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा उघड्यावरचा धान हवेतलं पाणी ओढून १६-१७ टक्के ओलाव्यापर्यंत पोहोचतो. जुनी ढोली हे थांबवू शकत नाही, कारण ते तिचं काम कधी नव्हतंच. म्हणून ‘जुन्यासारखं मातीचं घर बांधलं की झालं’ हेही उत्तर पुरेसं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, जुनं घर पाडून स्लॅबचं घर आलं की ढोलीला जागा उरत नाही. बी पोत्यात जातं आणि पोतं स्लॅबखाली किंवा टिनाखाली तापतं. घर बदललं तेव्हा बियाण्याचा कोपरा कुठे गेला, हे बऱ्याचदा कुणी विचारलेलं नसतं.

डोंगराचा फायदा नेमका काय?

लडाखमध्ये चांग ला खिंडीजवळ, समुद्रसपाटीपासून ५ हजार मीटरहून जास्त उंचीवर, भारताचं एक बीजकोठार आहे. संरक्षण संशोधन संस्थेच्या लेह इथल्या प्रयोगशाळेने आणि दिल्लीच्या ब्युरोने मिळून ते उभारलं. तिथली थंड, कोरडी हवा फुकटात शीतगृहाचं काम करते.

गोंदियात हे होणार नाही. उंची १ हजार मीटर वाढली की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. सालेकसा-देवरीकडच्या टेकड्यांवर तुम्ही गावापेक्षा २०० मीटर वर गेलात, तर जेमतेम सव्वा अंशाचा फरक पडेल.

मग डोंगरात भुयार खणलं तर? जमिनीत काही मीटर खोल तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं आणि ते त्या जागेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं. विदर्भाच्या या भागात ते साधारण २६-२७ अंश भरेल. मे महिन्यापुरतं हे मोहात पाडणारं आहे. पण याच भुयारात पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटतील. स्वालबार्डला एकदा जे झालं, ते इथे दर वर्षी होईल.

तरीही डोंगरउताराची जागा चांगलीच, पण कारणं वेगळी आहेत. उतारावर पाणी साचत नाही, तर धानाच्या बांध्यांजवळ पावसाळाभर जमीन ओली असते. आजूबाजूच्या झाडांची सावली मिळते. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे, जुने वाण अजून पेरणारी माणसं बहुतेक अशाच आडवळणाच्या गावांत उरली आहेत. बियाणे बँक त्यांच्या चालत जाण्याच्या अंतरावर हवी.

इमारतीचं काम: उष्णता अडवणं

इमारत आणि डबा यांची कामं वेगळी आहेत. उष्णता इमारतीने अडवायची, ओलावा डब्याने. हे वाटप एकदा पक्कं झालं की आराखडा सोपा होतो.

आकार: इमारत छोटीच पुरते. धानाच्या हजार दाण्यांचं वजन वाणानुसार साधारण १५ ते २५ ग्रॅम असतं, म्हणजे एक किलोत ४० हजारांहून जास्त दाणे. शंभर वाणांचं प्रत्येकी दोन किलो राखीव बी ठेवलं तरी ते २०० किलो झालं. ते एका लहान खोलीत मावतं. वाटपाचं बी आणि वाळवण यांना थोडी जास्त जागा लागते.

जोतं: दगडाचं, किमान दोन-अडीच फूट उंच. दगडी जोतं आणि भिंत यांच्यामध्ये ओलावा अडवणारा थर हवाच, नाहीतर जमिनीतली ओल भिंतीत चढते. उताराच्या वरच्या बाजूने चर खणून पाणी वळवायचं.

भिंती: दीड फूट जाडीची मातीची भिंत दुपारचं ऊन आत पोहोचायला दहा-बारा तास लावते. तोवर रात्र झालेली असते आणि खिडक्या उघडून खोली गार करता येते. विटांचंच बांधकाम करायचं असेल, तर विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी ‘रॅट-ट्रॅप’ जोडणी वापरता येते. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ती लोकप्रिय केली. तिच्यात साधारण एक चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते.

छप्पर: उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन छपरावर पडतं, म्हणून पैसे वाचवायची ही जागा नाही. टिन लगेच तापतं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत ओकतो. इथे दुहेरी छप्पर चांगलं. आतून बांबू आणि मातीचा माळा, त्यावर हवा खेळायला दीड-दोन फूट मोकळी जागा, आणि वर कवेलू. मधली तापलेली हवा दोन्ही टोकांच्या जाळीतून निघून जाते. वळचण तीन फुटांपर्यंत बाहेर काढली की मातीची भिंत पावसापासूनही वाचते.

दिशा: इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवायची, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन झेलणाऱ्या भिंती आखूड राहतात. पश्चिमेला खिडकी नकोच. त्या बाजूला छपरी काढली तर सावलीही मिळते आणि वाळवणाला जागाही.

साहित्य: बांबू, माती, कवेलू, दगड हे सगळं इथलंच. बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून किंवा बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून वापरला तर कीड लागत नाही. सिमेंट-लोखंड कमी लागतं, वाहतूक कमी होते आणि दुरुस्ती गावातलाच माणूस करू शकतो. शाश्वत बांधकामात हा शेवटचा मुद्दा बहुतेकदा विसरला जातो. कंपनीचा मेकॅनिक येईपर्यंत बंद पडलेल्या एसीपेक्षा दर उन्हाळ्यात लिंपता येणारी भिंत जास्त भरवशाची.

‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला मात्र बाराही महिने लागू नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या रात्री खिडक्या उघडायच्या. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ओली असते. त्या काळात राखीव खोली बंद ठेवायची.

डब्याचं काम: ओलावा अडवणं

गोंदियाचा उन्हाळा बियाण्याचा वैरी मानला जातो. पण तोच फुकटचा वाळवणी यंत्र आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. अशा हवेत सावलीत पातळ पसरून ठेवलेला धान आपोआप ७-८ टक्क्यांच्या आसपास वाळतो. कडक उन्हात, तापलेल्या सिमेंटवर टाकायचा नाही, त्याने अंकुर मरतो. छपरीत बांबूच्या चटईवर, वारा लागेल असा ठेवायचा.

मग मृग नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, ते बी हवाबंद डब्यात घालून झाकण पक्कं करायचं. रबरी कडी असलेले पत्र्याचे डबे, जाड प्लॅस्टिकचे घट्ट झाकणाचे पिंप, काचेच्या बरण्या, काहीही चालतं. डब्याच्या तळाशी पुरचुंडीत सिलिका जेल किंवा चांगले भाजून कोरडे केलेले तांदूळ ठेवले, तर उरलासुरला ओलावा ते ओढून घेतात.

मातीचं मडकं इथे उपयोगाचं नाही. माठातलं पाणी गार होतं, कारण माठाच्या अंगातून पाणी झिरपतं. तेच अंग पावसाळ्यात बाहेरची ओल आत घेतं. मडकीच वापरायची तर त्यांना बाहेरून रंगाचा किंवा मेणाचा लेप हवा.

आणि एक धोक्याची सूचना: ओलं बी हवाबंद केलं तर ते उघड्यावरच्या बीपेक्षाही लवकर मरतं. त्यामुळे झाकण लावण्याआधी तपासणी हवीच. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर बी आणि थोडं सुकं मीठ घालून हलवायचं आणि काही मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं, तर बियात १५ टक्क्यांच्या वर ओलावा आहे असं समजायचं. मीठ मोकळं राहिलं म्हणजे बी ८ टक्क्यांवर आलंय असं नाही. त्याची खात्री यंत्रच देतं. बियाणे बँकेने ते एकदा विकत घ्यावं, सिमेंटच्या काही पोत्यांपेक्षा ते जास्त कामाचं ठरेल.

एकाच छताखाली दोन खोल्या

यातून आराखड्याची मुख्य गोष्ट ठरते. बियाणे बँकेत दोन खोल्या हव्यात.

पहिली ‘चालू’ खोली. इथे डिसेंबरात आलेलं बी ढोलीत किंवा पोत्यात राहील आणि जूनपर्यंत शेतकऱ्यांना वाटलं जाईल. तिचं दार अंगणाकडे, मोठं, सारखं उघडणारं.

दुसरी ‘राखीव’ खोली. ती इमारतीच्या मधोमध किंवा उत्तरेला, सगळ्यात कमी तापणाऱ्या जागी. आत फळ्यांवर हवाबंद डबे. पावसाळ्यात ती शक्यतो उघडायचीच नाही. म्हणून प्रत्येक वाणाचं बी एका मोठ्या डब्याऐवजी लहान लहान डब्यांत ठेवायचं. एक उघडला तरी बाकीच्यांना ओल लागत नाही.

उंदीर, वाळवी, वणवा आणि हत्ती

डोंगर-जंगलाच्या कडेला काही धोके जास्तीचे येतात. उंदरांसाठी खिडक्यांना बारीक जाळी आणि फळ्यांच्या पायांना पत्र्याच्या उलट्या टोप्या. वाळवीसाठी फळ्या भिंतीपासून चार बोटं दूर. उन्हाळ्यात जंगलात वणवे लागतात, म्हणून इमारतीभोवती वन विभागाच्या जाळरेषेसारखा पालापाचोळा काढलेला पट्टा हवा. तणसाचा ढीग भिंतीला लावायचा नाही.

आणि हत्ती. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून गडचिरोलीत आलेला रानटी हत्तींचा कळप पुढे गोंदिया जिल्ह्यातही पोहोचला. घरात ठेवलेला धान आणि मोहफुलं यांच्या वासाने हत्ती भिंती पाडतात. त्यांना अडवेल अशी भिंत गावाला परवडणारी नाही. त्यामुळे बियाण्याच्या घरात खायच्या धानाची पोती आणि मोहफुलं ठेवू नयेत. हवाबंद डब्यातल्या थोड्या बीचा वास दूरवर जात नाही.

इमारत झाली, पुढे काय?

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साथीने गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ही बँक सुरू झाली ती घरातून, मडक्यांतून आणि राखेतून. बी घेणाऱ्याने हंगामानंतर जास्त बी परत करायचं, अशी अशा बँकांची रीत असते. आधी बी फिरू लागलं, इमारत मागून आली. ओडिशाच्या रायगडा जिल्ह्यात डॉ. देबल देब धानाचे हजाराहून जास्त वाण दर वर्षी शेतात पेरून जपतात. तिथे खरा बीजकोश शेतच आहे.

गोंदियातही इमारतीइतकीच तीन कामं महत्त्वाची ठरतील.

पहिलं, वही. वाणाचं नाव, कुणाच्या बांधीतून आला, किती दिवसांचा, कुठल्या जमिनीत चालतो. नाव आणि माहिती हरवलेलं बी म्हणजे नुसता धान.

दुसरं, उगवण चाचणी. दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक वाणाचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि अंकुर मोजायचे. प्रमाणित बियाण्यासाठी धानाची उगवण किमान ८० टक्के लागते. आकडा त्याखाली आला तर त्या वाणाला त्याच हंगामात बांधी द्यायची. धान स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे दोन वाणांमध्ये तीन मीटर अंतर ठेवलं तरी सहसा भेसळ होत नाही. लहान जागेत बरेच वाण लावता येतात.

तिसरं, हक्क. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणीही करता येते. बियाणे बँकेची वही इथे पुराव्याचं काम करते.

घाई कशाची?

उष्ण आणि दमट हवेत साध्या पोत्यात पडलेला धान फार काळ उगवणक्षम राहत नाही. दोन पावसाळे निघाले की बहुतेक बी गेलेलं असतं. गावातला एखादा म्हातारा शेतकरी या वर्षी लुचई पेरायचा थांबला, तर त्याच्या घरातलं शेवटचं पोतं जिवंत असण्याची मुदत तेवढीच. ते तांदूळ म्हणून खाता येईल, पण बी म्हणून ते संपलेलं असेल.

त्यामुळे इमारतीचा आराखडा मंजूर होईपर्यंत थांबायचं कारण नाही. येत्या एप्रिलमध्ये छपरीत वाळवण घालता येतं, मृगाआधी डब्याचं झाकण लावता येतं आणि शाळेच्या वहीत वाणाचं नाव लिहिता येतं. मातीच्या भिंती आणि कवेलूचं दुहेरी छप्पर त्यानंतर, त्या डब्यांभोवती उभं राहील.